टिकणारी माणसं : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझं सीएनसी मशीनिंगचं (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे भाग घडवण्याचं) वर्कशॉप आहे, ३५ कामगार. ऑपरेटर जरा तयार झाला की हजार-दीड हजार जास्तीसाठी शेजारच्या कंपनीत जातो. पगार वाढवू, की दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेऊ?

उत्तर : दोन्हीच्या आधी जुनं हजेरीपत्रक काढा. गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्या प्रत्येकाची रुजू तारीख, सोडल्याची तारीख, मशीन, शिफ्ट आणि सुपरवायझर एका कागदावर मांडा. बहुतेक ठिकाणी तीन गट दिसतात : पहिल्या तीन महिन्यांत गेलेले, दिवाळीचा बोनस हातात पडताच गेलेले आणि दीड-दोन वर्षांनी गेलेले. एकाच सुपरवायझरचं नाव सारखं येत असेल, तर पगार वाढवून काही साधणार नाही.

लवकर जाणाऱ्यांची फसगत बहुधा भरतीच्या वेळीच झालेली असते. ‘आठ तास, गुरुवारी सुट्टी’ असं सांगून घेतलेल्या माणसाला बुधवारी संध्याकाळी ‘उद्या या, डिस्पॅच आहे’ म्हणायचं. एकदा चालतं, दर पंधरवड्याला चालत नाही. नाइट किती आणि ओटी (ओव्हरटाइम) किती हे घेतानाच खरं सांगा. शिफ्टचा तक्ता महिनाभर आधी लावा, आणि सुट्टी रद्द करायचीच असेल तर बदली सुट्टीची तारीख त्याच वेळी फळ्यावर लिहा.

दिवाळीवाल्यांचं सोपं आहे. पगारवाढ एप्रिलमध्ये होते, पण ती किती होणार हे ऑक्टोबरात कोणालाच माहीत नसतं. बोनसबरोबरच वाढीचा आकडा लेखी द्या.

खरं नुकसान तिसऱ्या गटाचं. हा माणूस दीड वर्ष जॉब (घडवायचा भाग) मशीनवर लावतो, सायकल स्टार्टचं बटण दाबतो, व्हर्नियर या मापयंत्राने मोजतो. त्याला सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन जुळवणं, शिकायचं असतं. मालक ते एकाच जुन्या सेटरकडे ठेवतात, कारण ‘शिकवलं की जाईल’ ही भीती. प्रत्यक्षात न शिकवल्यानेच तो जातो, आणि सेटर रजेवर गेला की तीन मशिनं उभी राहतात ती वेगळीच. तीन पायऱ्या ठरवा. ऑपरेटर, मग स्वतः टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाचा फरक) मशीनमध्ये घालून, जॉ (जॉब धरणारे जबडे) बदलून पहिला जॉब पास करून घेणारा ऑपरेटर-सेटर, मग प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करणारा. प्रत्येक पायरीला काय यायला हवं, त्याची चाचणी कोण घेणार आणि पगार किती वाढणार, हे मराठी आणि हिंदीत शॉपमध्ये लावा. तुमचे हजार-दीड हजार इथे खर्च करा. सरसकट वाटलेली वाढ दोन महिन्यांत अंगवळणी पडते.

पगाराची स्लिपही पाहा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० असेल तर २६ दिवसांनी भागून रोजचे ७००, आठ तासांनी भागून तासाला ८७.५०. ओटी दुप्पट दराने द्यायचा, म्हणजे १७५. वीस तासांचे ३,५०० होतात. स्लिपवर तास आणि दर न लिहिता नुसता एक आकडा टाकला, की चहाच्या टपरीवर हिशेब होतो आणि तो कधीच तुमच्या बाजूने निघत नाही. याच पगारावर ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांची, म्हणजे १०,५००. पाच वर्षांचे ५२,५००. कामगाराला हे कोणी सांगतच नाही. दरवर्षी सांगा.

बॉण्ड नको. तो चांगल्याला येण्याआधीच पळवतो आणि नको असलेल्याला अडकवून ठेवतो. मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेण्याचा उद्योग तर मुळीच करू नका.

प्रश्न : मी कारखान्यात एचआर पाहते. आमच्याकडे सोडून कोणी जात नाही, पण कामात कुणाचा जीवही नाही. याला निष्ठा म्हणायचं का?

उत्तर : मेयर आणि ॲलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार मांडले : मनापासून वाटते म्हणून, सोडणं परवडत नाही म्हणून आणि उपकाराची जाण म्हणून. तुमच्याकडे बहुधा दुसरा प्रकार आहे. घराचा हप्ता आणि मुलांची शाळा माणसाला जागेवर ठेवतात, त्यापुढे नाही. सूचनापेटी उघडा. चिठ्ठ्या जुन्या निघाल्या तर कारण तिथेच सापडेल. प्रत्येक सूचनेला आठ दिवसांत फळ्यावर उत्तर द्या : ‘झालं’, ‘अमुक तारखेला होईल’ किंवा ‘होणार नाही, कारण…’. नकार लोकांना पचतो, पण गप्प बसणं पचत नाही. सुरुवात पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, हातमोजे अशा तक्रारींपासून करा. त्या स्वस्तात सुटतात आणि रोज बोचतात.

प्रश्न : सोडून जाणारा खरं कारण सांगतच नाही. ‘घरचा प्रॉब्लेम’ एवढंच. काय करावं?

उत्तर : त्याचा हिशेब तुमच्याकडे अडकलेला असताना तो खरं का बोलेल? सगळे पैसे चुकते झाल्यावर दोन महिन्यांनी फोन करा, आणि तो सुपरवायझरने करू नये. त्याहून उपयोगाचं म्हणजे जे आहेत त्यांच्याशी तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पंधरा मिनिटं बसा. दोनच प्रश्न विचारा : घेताना सांगितलं त्यातलं काय वेगळं निघालं? आणि पुढे काय शिकायचंय?