१४२८५७ चे अंक गोल का फिरतात? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: १४२८५७ ला २ पासून ६ पर्यंत कशानेही गुणलं तर तेच सहा अंक फिरून येतात आणि ७ ने गुणलं की एकदम ९९९९९९. मुलीने कारण विचारलं, मला सांगता आलं नाही.

तिला वही-पेन घेऊन बसवा आणि १ ला ७ ने भागायला सांगा, कॅल्क्युलेटर नको, हातानेच. १० ला ७ चा भाग १, उरले ३. मग ३० ला भाग ४, उरले २. २० ला २, उरले ६, ६० ला ८, उरले ४, ४० ला ५, उरले ५, ५० ला ७ आणि उरला परत १, म्हणजे निघालो तिथेच पोचलो. भाग ओळीने वाचा, १४२८५७! आता बाक्या बघा: ३, २, ६, ४, ५, १. शून्य सोडून ७ च्या जेवढ्या बाक्या असू शकतात त्या सगळ्या एकाच फेरीत येऊन गेल्या, त्यामुळे २ ला ७ ने भागताना नवीन काही घडतच नाही, त्याच फेरीत बाकी २ होती तिथून सुरुवात होते आणि २८५७१४ मिळतं, म्हणजेच १४२८५७ ची दुप्पट. आणि ७ पट म्हणजे ७ ला ७ ने भागणं, १ म्हणजेच ०.९९९९९९..., म्हणून ९९९९९९. ही बाक्यांची रांग तिची तिला सापडू द्या, आधी सांगून टाकू नका प्लीज.

प्रश्न: ही मूळ संख्या आहे का?

नाही, संयुक्त आहे. ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. अंकांची बेरीज २७ आणि २७ ने पूर्ण भागही जातो, ५२९१ वेळा, म्हणून ही हर्षद संख्या. हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दिलेलं, हर्ष देणारी ती हर्षद.

प्रश्न: मग हिला कापरेकर संख्या पण का म्हणतात? कापरेकरांची तर ६१७४ ना?

६१७४ हा कापरेकर स्थिरांक (चार अंकी संख्येचे अंक उतरते आणि चढते लावून वजाबाकी करत राहिलं की, सगळे अंक सारखे नसतील तर, शेवटी येणारी संख्या), ती वेगळी गोष्ट, दोन्हींची गल्लत खूप जण करतात. कापरेकर संख्येत वर्ग करून त्याचे दोन तुकडे करायचे, त्यांची बेरीज परत तीच संख्या यायला हवी. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९, उजवीकडचे सहा अंक तोडा, २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. मला सगळ्यात आवडतं ते हे की इथेही ७ च आहे: १४२८५६ म्हणजे ७ × २०४०८, आणि आपल्या संख्येला त्या ७ ने गुणलं की ९९९९९९, म्हणून वर्गातून १४२८५७ वजा केले तर बरोब्बर ९९९९९९ × २०४०८ उरतं. दहा लाखातला एक कमी, त्यामुळे तुकडे जुळतात.

प्रश्न: ७ ऐवजी १३ घेतलं तर असंच होईल का?

अर्धंच होतं. १/१३ मध्ये ०७६९२३ येतं पण फेरीत बाक्या सहाच येतात, उरलेल्या सहांची वेगळी फेरी होते (२/१३ करून बघा, १५३८४६). १७ मात्र जमतं, सोळाच्या सोळा बाक्या एका फेरीत: ०५८८२३५२९४११७६४७. सुरुवातीचं शून्य सोडू नका, नाहीतर अंक फिरणार नाहीत.