काळी जमीन दोन्हीकडे, मग मध्य प्रदेशच पुढे का गेला?

तुमचा प्रश्न असा: मराठवाडा आणि मध्य प्रदेशातला इंदूर-उज्जैनकडचा माळवा, दोन्हीकडे काळी जमीन, दोन्हीकडे सोयाबीन. मग मध्य प्रदेशाच्या शेतीने दहा-पंधरा वर्षांत एवढी मुसंडी मारली आणि आपल्याकडे तसं का झालं नाही? ‘सोयाबीनमुळे’ हे उत्तर सर्रास दिलं जातं. मी इंदूरकडचा, आयुष्य धान्याच्या व्यापारात गेलं, आणि माझ्या मते ते उत्तर अर्धवट आहे. सोयाबीनने पाया घातला, इमला गव्हाचा आहे. आणि गहू वाढला तो रब्बीत पाणी आणि वीज मिळाल्यामुळे, शिवाय सरकारने तो उचलल्यामुळे.

आधी सोयाबीन. 1970 च्या आधी माळव्यात पावसाळ्यात बरीच शेतं मोकळी असत. काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, औत चालत नाही, म्हणून खरीप सोडून द्यायचा, जमिनीत ओल धरायची आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने सोयाबीनवर काम केलं आणि हे पीक त्या रिकाम्या खरिपात नेमकं बसलं. दाण्यात तेल जेमतेम 18-20 टक्के, उरते ती पेंड. ती परदेशी जायला लागली तसे इंदूर, उज्जैन, देवास पट्ट्यात सॉल्व्हंट प्लांट, म्हणजे दाण्यातलं तेल काढून पेंड वेगळी करणारे कारखाने, उभे राहिले. पण हेक्टरी उत्पादन एक टनाच्या आसपासच घुटमळत राहिलं. अशा पिकाच्या जोरावर अख्ख्या राज्याची शेती वर्षाला नऊ-दहा टक्क्यांनी वाढत नसते. आणि मध्य प्रदेशची वाढली: 2005-06 ते 2014-15 या दशकात सरासरी 9.7 टक्के, देशाची होती 3.6.

खरा बदल 2003 नंतरचा. त्या वर्षी दिग्विजय सिंहांचं सरकार ‘बिजली, सडक, पानी’ याच मुद्द्यावर गेलं, त्यामुळे पुढच्या सरकारांना हे विषय टाळता आले नाहीत. सरकारी कालव्यांवरचं सिंचन पंधरा वर्षांत साडेसात लाख हेक्टरांवरून चाळीस लाखांवर गेलं, असं सरकार सांगतं. सरकारी आकड्यात थोडं पाणी मिसळलेलं असतं हे धरूनही फरक मोठा आहे. यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की हे सगळं नव्या धरणांतून आलं नाही. धरणं होती, कालवे गाळाने भरलेले होते. ते साफ केले, फुटलेले दुरुस्त केले आणि पाणी आधी शेवटच्या टोकाला द्यायचं, मग वरच्या गावांना, असा क्रम बऱ्याच ठिकाणी लावला. वरच्या गावांचा पुढारी काय बोलला असेल याची कल्पना महाराष्ट्रातल्या माणसाला द्यायला नको.

विजेचंही तसंच. गावाचा फीडर (वीज पुरवणारी वाहिनी) वेगळा, शेतीचा वेगळा. रब्बीच्या हंगामापुरती तात्पुरती जोडणी सहज मिळू लागली. देवास जिल्ह्यात, जिथे एकेकाळी रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, 2006 पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या रानात तळी खोदली, पुष्कळांनी स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशातून.

मग गव्हाची खरेदी. 2007-08 पासून राज्याने हमीभावावर क्विंटलला 100 रुपये बोनस सुरू केला, पुढे तो 150 पर्यंत गेला. सहकारी सोसायट्यांमार्फत खरेदी, नावनोंदणी आधीच, कोणत्या दिवशी माल आणायचा याचा मोबाइलवर संदेश, पैसे थेट खात्यात. पहिल्या वर्षी लाख टनसुद्धा गहू आला नव्हता. 2012-13 मध्ये सुमारे 85 लाख टन आला. बारदान कमी पडलं, गोदामं कमी पडली, ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, उघड्यावरचा गहू भिजला. आम्हा व्यापाऱ्यांना त्या हंगामात फार काम उरलं नाही, हेही सांगून टाकतो. 2014 मध्ये केंद्राने बोनस देणाऱ्या राज्यांवर बंधनं घातली, तरी गाडी थांबली नाही: 2020-21 मध्ये 129 लाख टन खरेदी करून मध्य प्रदेश पंजाबच्याही पुढे गेला.

याची दुसरी बाजू मंदसौरने दाखवली. 6 जून 2017 ला तिथे आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. ज्या पट्ट्यात लसूण, कांदा, सोयाबीन भरपूर पिकत होतं पण गव्हासारखा उचलणारा कुणी नव्हता, तिथेच असंतोष पेटला. त्यानंतर ‘भावांतर’ योजना आली: हमीभाव आणि बाजारभाव यांतला ठरावीक फरक सरकार देणार. मुदत ठरलेली, त्यामुळे सगळा माल एकदम मंडीत आला. फरक सरकार भरणार हे माहीत असताना व्यापाऱ्याने चढा भाव का बोलावा? भाव पडले.

शिवाय उत्पन्न वाढलं तरी माणसं शेतातून बाहेर पडली नाहीत. राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा आजही चाळीस टक्क्यांच्या घरात आहे आणि दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीखाली. गरिबी मात्र घटली, हे नाकारायचं कारण नाही. नीती आयोगाच्या बहुआयामी मोजणीत, म्हणजे नुसतं उत्पन्न न बघता आरोग्य, शिक्षण, राहणीमान धरून केलेल्या मोजणीत, गरिबांचं प्रमाण 2015-16 चे 36.57 टक्के 2019-21 मध्ये 20.63 वर आले. दुसरीकडे हरदा-नर्मदापुरमकडे तवा धरणाच्या पाण्यावर उन्हाळी मूग हे तिसरं पीक आलंय. गव्हाचं काड पेटवायचं, दोन महिन्यांत मूग काढायचा, काढणी लवकर व्हावी म्हणून तणनाशक मारून उभं पीक वाळवायचं. पंजाबच्या वाटेवरचीच ही चाल आहे.

आता मराठवाड्याचं. गव्हाला लांब थंडी लागते, ती तुमच्याकडे नाही. नर्मदाकाठची खोल गाळाची जमीनही नाही. त्यामुळे गव्हाचा बोनस मागून काही होणार नाही. तुमच्याकडे कालव्याचं पाणी उसात जातं, हा निसर्गाचा नव्हे, वाटपाचा प्रश्न. तेच पाणी रब्बीत हरभरा-ज्वारीला दोन पाळ्यांत, टोकापर्यंत पोचलं तर कितीतरी जास्त रान भिजेल. हरभऱ्याला लातूरची बाजारपेठ दारात आहे. दिवसा वीज द्यायची तर शेतीच्या फीडरला सौर वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून कागदावर आहेच; तुमच्या तालुक्यातल्या किती फीडरवर ती खरोखर चालू झाली, तेवढं आधी महावितरणच्या कचेरीत विचारून या.