व्हीएस कोड एडिटरच्या एक्स्टेन्शनचं व्हर्जन आपल्या प्रोग्राममधून कसं वाचायचं

फोल्डरची नावं वाचून व्हर्जन शोधायच्या भानगडीत पडू नकोस. अपडेटनंतरही व्हीएस कोडमध्ये जुनं फोल्डर काही वेळ तसंच पडून असतं, मग चालू कुठलं ते कळत नाही. सरळ व्हीएस कोडच्या गेटएक्स्टेन्शन या फंक्शनला प्रकाशक, टिंब, नाव असा पूर्ण आयडी दे आणि मिळालेल्या पॅकेजजेसनमधलं (एक्स्टेन्शनची माहिती त्यात असते) व्हर्जन वाच. आधी उत्तर अनडिफाइन्ड, म्हणजे 'सापडलं नाही' असं, तर नाही ना ते तपास. एक्स्टेन्शन नुसतं डिसेबल केलेलं असलं तरी तेच हाती येतं.

दोन व्हर्जनची तुलना स्ट्रिंग (नुसता मजकूर) म्हणून अजिबात नको: तशी केलीस तर १.१०.० हे १.९.० पेक्षा लहान ठरतं! व्हर्जनची तुलना करणारी सेमव्हर ही लायब्ररी वापर. (एवढ्यासाठी स्वतःचं फंक्शन लिहिणारे भेटतात, लिहू देत.)

नुसतं बघायचंय? टर्मिनलवर 'कोड --लिस्ट-एक्स्टेन्शन्स --शो-व्हर्जन्स' पुरे. प्रत्येक नावापुढे @ आणि आकडा दिसतो. डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्सवर) काम करत असशील तर तिथल्याच टर्मिनलवर चालव, तिकडची एक्स्टेन्शन्स वेगळी असतात.