व्होल्गोग्राडचं स्टालिनग्राड संग्रहालय एका दिवसात कसं बघावं?

तुमचा मुलगा व्होल्गोग्राडला मेडिकलला आहे, तुम्ही दोघं त्याला भेटायला निघाला आहात आणि स्टालिनग्राडच्या (व्होल्गोग्राडचं तेव्हाचं नाव) लढाईचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि सोव्हिएत सैन्यात इथे झालेल्या लढाईचं, संग्रहालय बघायला एकच दिवस मोकळा आहे. एक दिवस पुरतो, फक्त तो सोमवार नको, सोमवारी संग्रहालय बंद असतं. आणि बघण्याचा क्रम चुकवू नका.

बहुतेक लोक आत शिरले की थेट वरच्या गोल पॅनोरमाकडे धावतात. तो शेवटी बघा. १६ मीटर उंच आणि १२० मीटर लांब असं ते चित्र तुमच्या चारही बाजूंनी फिरतं. आपण ममायेव टेकडीच्या माथ्यावर उभे आहोत आणि तारीख आहे २६ जानेवारी १९४३. पश्चिमेकडून आलेली सोव्हिएत २१ वी आर्मी आणि शहर झुंजवत ठेवणारी सोव्हिएत ६२ वी आर्मी त्या दिवशी एकमेकींना भेटल्या. पण त्याच चित्रात अंगाला आग लागलेली असताना जर्मन रणगाड्यावर झेपावणारा मिखाईल पानिकाखाही आहे, आणि ती घटना २ ऑक्टोबर १९४२ ची. तुटलेल्या तारेची टोकं दातांत धरून संदेशवहन चालू ठेवणारा मात्वेय पुतिलोवही ऑक्टोबरमधलाच. चित्रकारांनी अख्खी लढाई एका दिवसात आणून बसवली आहे. तारखा माहीत नसतील तर हे सगळं एकाच सकाळी घडलं असं वाटतं.

म्हणून आधी खालची आठ दालनं. जाण्यापूर्वी पाच तारखा कागदावर लिहून घ्या: १७ जुलै १९४२ लढाईची सुरुवात, २३ ऑगस्ट शहरावरचा भयंकर बॉम्बहल्ला, १९ नोव्हेंबर सोव्हिएत प्रतिहल्ला, २३ नोव्हेंबर जर्मन सैन्याभोवतीचा वेढा पूर्ण, २ फेब्रुवारी १९४३ शेवट. प्रत्येक वस्तू यांपैकी कोणत्या दोन तारखांमधली आहे एवढं पाहिलं तरी दालनं उलगडत जातात. पाट्या मुख्यतः रशियनमध्ये आहेत. भाषांतराच्या ॲपमध्ये रशियन भाषा घरूनच डाउनलोड करून न्या, आत नेटच्या भरवशावर राहू नका. काचेवर दिव्यांची चकाकी येते आणि कॅमेऱ्याला अक्षरं लागत नाहीत. फोन थोडा तिरका धरला की काम होतं.

स्टालिनग्राडची तलवार चुकवू नका. ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांची ही भेट नोव्हेंबर १९४३ मध्ये तेहरानच्या परिषदेत चर्चिल यांनी स्टालिन यांच्या हाती दिली. पात्यावरचा मजकूर मात्र सेनापतींना नाही, शहराच्या पोलादी काळजाच्या नागरिकांना उद्देशून आहे. मला ही वस्तू फार मोलाची वाटते, कारण बाकी संग्रहालय बहुतांशी सैन्याच्या नजरेतून बोलतं. तळघरांत आणि घळींत जगलेली सामान्य माणसं तिथे शोधावी लागतात. स्नायपर वासिली झायत्सेवची रायफलही इथेच आहे.

बाहेर लगेच लाल विटांची पडकी पिठाची गिरणी आहे. तिची डागडुजी मुद्दाम केलेली नाही. आत जाता येत नाही, पण सगळ्या बाजूंनी फिरून बघा, भिंतीचा एक हातभर भागही गोळ्यांच्या खुणांशिवाय सापडत नाही. समोर रस्त्यापलीकडे पावलोवचं घर, मूठभर सोव्हिएत सैनिकांनी जवळपास दोन महिने लढवलेली इमारत. तिथे आज लोक राहतात, तेव्हा फक्त कडेची स्मारकभिंत बघायची, जिन्यात शिरायचं नाही.

दुपारी जवळच्या ‘प्लोशद लेनिना’ स्थानकावरून मेट्रोट्रामने (काही भाग जमिनीखालून धावणारी ट्राम) ‘ममायेव कुर्गान’ला, म्हणजे चित्रातल्या त्याच ममायेव टेकडीपाशी, उतरा. पायथ्यापासून लढाईच्या २०० दिवसांच्या २०० पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर टप्प्याटप्प्याने थांबत चढा, मध्ये सपाट चौक आहेत. माथ्यावरचा मातृभूमीचा पुतळा तलवारीसकट ८५ मीटर उंच आहे. ही टेकडी म्हणजे हजारो सैनिकांचं दफनस्थान आहे, त्यामुळे हिरवळीवर बसून डबा खाऊ नका. फुलं वाहायची असतील तर सम संख्येत घ्या. रशियात विषम संख्या जिवंत माणसांसाठी असते.

पैशांचं आधीच बघा. भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड रशियात चालत नाही, रोख रूबल जवळ ठेवा. हिवाळ्यात जड कोट प्रवेशापाशी जमा करावा लागतो, तेव्हा पासपोर्ट आणि पैसे कोटाच्या खिशात ठेवू नका. टेकडीवर मात्र टोपी, हातमोजे हवेतच, व्होल्गेवरून येणारा वारा तिथे अडत नाही. जुलैत उलट तऱ्हा, कडक ऊन असतं, मग टेकडी सकाळी आणि संग्रहालय दुपारी करा.