शनीला कशाला दोष देताय, पॉलिसीचा कागद काढा

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात असं: वय 39, सातपूरला नोकरी, महिन्याला हातात 58 हजार, बायको आणि दोन मुलं. मिथुन लग्न, कुंभ रास, षष्ठात वृश्चिकेत शनी-मंगळ युती, वर साडेसाती. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून 2 लाख थकलेत, "पण एकही मिनिमम ड्यू चुकवलेला नाही, तेवढी शिस्त आहे". बँक 14 टक्क्यांनी पर्सनल लोन देतेय. गुरुजी म्हणतात ऋणस्थानात ही युती म्हणजे नवीन कर्ज अजिबात नको, जून 2027 ला साडेसाती संपेल तोवर थांबा, आणि 55 हजारांचा नीलम घाला. लोन घेऊ की थांबू, हा प्रश्न. शेवटी ताजा कलम म्हणून एक ओळ: गुरुजींच्याच मेहुण्याकडून 60 हजार वार्षिक प्रीमियमची गॅरंटीड पॉलिसी घेतलीय, शनी महादशेत पैसा अडकवलेला बरा म्हणून, तीन प्रीमियम भरले, "तेवढ्यासाठी कार्ड स्वाइप केलं होतं".

दादा, तुमचं सगळं पत्र त्या शेवटच्या ओळीत आहे.

आधी विचारलंय त्याचं उत्तर देतो, ते सोपं आहे. कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के धरा, 2 लाखांवर 7 हजार व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले सव्वाआठ हजार. तुम्ही मिनिमम म्हणून 10 हजार भरता, म्हणजे मुद्दलात पावणेदोन हजार जातात, आणि त्याच कार्डावर महिन्याला तीनेक हजारांचं पेट्रोल-किराणा होत असेल तर बाकी उलट वाढते. थकबाकी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, हे किती जणांना माहीत असतं देव जाणे. मिनिमम ड्यू वेळेवर भरणं ही शिस्त नाही हो, ते बँकेला लावून दिलेलं पेन्शन आहे. जून 2027 पर्यंत दीड वर्ष थांबलात तर नुसत्या व्याजाचे दीड लाख. आणि हेच 2 लाख 14 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता बसतो 9,600. आत्ता भरताय त्याहून कमी, आणि दोन वर्षांत खातं बंद, एकूण व्याज तीसेक हजार. गुरुजी म्हणाले नवीन कर्ज नको, पण बाकी पुढे ढकलताना दर महिन्याला तुम्ही 42 टक्क्यांचं नवीन कर्जच घेताय, ते कुठल्या स्थानात बसतं विचारा त्यांना.

आता ग्रहांचं. माझे मामा पंचांग बघायचे त्यामुळे थोडं कानावरून गेलंय. षष्ठ हे ऋण-रोग-शत्रूचं स्थान, बरोबर, पण ते उपचय म्हणजे वाढीचं स्थानही आहे (3, 6, 10, 11 ही चार स्थानं), आणि तिथे शनी-मंगळासारखे पापग्रह चांगले मानतात. त्यात तुमचा मंगळ वृश्चिकेत म्हणजे स्वतःच्या घरात. मामांनी हीच पत्रिका बघून म्हटलं असतं, कर्जाशी भांडायची ताकद आहे पोरात, सावकाश फेडेल पण फेडेल. शनी म्हणजे उशीर आणि कष्ट, न फेडणं नव्हे. आणि जून 2027 चं पण बघा, 3 जूनला शनी मेषेत जातो खरा, पण वक्री होऊन ऑक्टोबरमध्ये परत मीनेत येतो, म्हणजे तुमची साडेसाती पुन्हा, फेब्रुवारी 2028 पर्यंत. तेव्हा काय, आणखी एक नीलम? श्रद्धा ठेवायचीच असेल तर आपल्याकडे म्हणतात ना, कर्ज मंगळवारी घेऊ नये, फेडावं. फेडा मंगळवारी, माझं काही म्हणणं नाही.

आता पॉलिसी. 12 वर्षं 60 हजार म्हणजे 7 लाख 20 हजार भरायचे आणि विसाव्या वर्षी "दुप्पट", साधारण साडेचौदा लाख, असंच सांगितलं असेल ना? तुमचा रुपया सरासरी साडेचौदा वर्षं अडकतो. पैसे दुप्पट व्हायचा दर काढायला 72 ला वर्षांनी भागतात, तर 72 ला साडेचौदाने भागा, वर्षाला जेमतेम 5 टक्के. 42 टक्क्यांनी उचलून 5 टक्क्यांत ठेवलेत, आणि नाव शनीचं. अशा पॉलिसीत कव्हर साधारण प्रीमियमच्या दहापट असतं, म्हणजे 6 लाख, दोन मुलांच्या घराचं त्यात वर्षही निघत नाही. कमिशन मात्र पहिल्याच वर्षी मेहुण्याच्या खिशात गेलं, मला अशा लोकांचा खरंच राग येतो, पत्रिका वाचणारा आणि विकणारा एकाच जेवणाच्या टेबलावर बसतात आणि मधल्या माणसाला वाटतं आपली ग्रहदशाच वाईट.

चौथा प्रीमियम भरू नका. कंपनीकडून सरेंडर (आत्ता मोडली तर किती मिळतील) आणि पेड-अप (पुढे न भरता तशीच ठेवली तर शेवटी किती मिळतील), दोन्ही आकडे लेखी मागवा, एजंटला मध्ये घेऊ नका. 1 लाख 80 हजारांतले 60-70 हजार परत येतील असं धरून चला, थोडे जास्त आले तर आनंद. एक लाखाच्या वर गेले, होय, दुखेल. पण ते पैसे सरळ कार्डात टाका, मग लोन सव्वा-दीड लाखाचंच लागेल आणि 10 हजार महिन्याने पंधरा महिन्यांच्या आसपास मोकळे व्हाल. नंतर दोन्ही कार्डं बंद, एक ठेवायचंच असेल तर लिमिट 30 हजार करून घ्या. सरेंडरच्या आधी 1 कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ आयुर्विमा, घ्या, तुमच्या वयाला वर्षाला 15-20 हजार, सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही. टर्म हातात येईपर्यंत जुनी मोडू नका, क्रम उलटा करू नका.

नीलमाची ऑर्डर कार्डावर ईएमआयने दिली नसेल अशी आशा आहे, दिली असेल तर आज फोन करून कॅन्सल होते का बघा. सरेंडरचा आकडा आला की कळवा, लोनची रक्कम त्यावरून ठरवू.