मुलगा म्हणतो, तिथलं घर विका आणि आमच्याकडे या

काकांनी टेबलावर कापडी पिशवी ठेवली. आत सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बिल्डरबरोबरचा १९८८ सालचा करारनामा, मालमत्ता कराची पावती आणि मेंटेनन्सच्या पावत्यांची रबरबँड लावलेली चळत. “बघा आणि सांगा मॅडम, विकू की नको?”

मी वकील नाही, इस्टेट एजंट तर नाहीच. समुपदेशक आहे. पण साठी-सत्तरीतल्या जोडप्यांपैकी बरीच जणं माझ्याकडे याच प्रश्नाची पिशवी घेऊन येतात. मुलगा किंवा मुलगी पुण्यात, बंगळुरूत, कधी परदेशात. “तिथलं घर विका, इथे मोठं घेऊ, सगळे एकत्र राहू.” ऐकायला गोड वाटतं आणि रात्री झोप लागत नाही. गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की एका कुटुंबाची गोष्ट, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, सविस्तर सांगते.

घर डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, एक बेडरूमचं. लिफ्ट नाही. काकांनी फोर्टमधल्या नोकरीच्या पगारातून हप्ते फेडले, एकतीस वर्षं लोकलला लटकून. आज त्याचे ५८ लाख येत होते. मुलगा-सून दोघंही आयटीत, पुण्याच्या वाकडला भाड्याने राहतात, नात सहा वर्षांची. त्यांनी तिथेच तयार इमारतीतला तीन बेडरूमचा फ्लॅट पाहिला होता, किंमत १ कोटी १५ लाख. काकांचे ५८ लाख, मुलाची ९ लाखांची बचत आणि उरलेलं कर्ज.

“मग अडतंय कुठे?” मी विचारलं.

काका पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “घर सुनेच्या नावावर घेतायत.”

मुलाचं कारण बिनतोड होतं. महाराष्ट्रात राहत्या घराचे सगळे खरेदीदार स्त्रिया असतील तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. १ कोटी १५ लाखांवर १ टक्का म्हणजे १ लाख १५ हजार. मुलाने ते एक्सेलमध्ये मांडून वडिलांना व्हॉट्सॲप केलं होतं. त्यात पाप काही नव्हतं. पण काकांनी त्या तक्त्यात फक्त ‘खरेदीदार’ हा रकाना वाचला.

“मुलाशी बोललात?”

“काय बोलणार? माझं नाव घाल म्हणू? पोटच्या पोराकडे हक्क मागायचा?”

काकू पूर्ण तासभर गप्प होत्या. जोडपं आलं आणि त्यातलं एक गप्प असलं की पुढची वेळ मी त्या गप्प माणसाला एकट्याला देते. काकांची, मुलाची आणि माझीही समजूत अशी की बिचाऱ्या काकूंचा जीव या घरात, शेजारणींत, भिशीत अडकलाय. पुढच्या आठवड्यात काकू आल्या, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, “मला जायचंय. कधीपासून जायचंय.”

तीन मजले, दोन्ही गुडघे गेलेले, भाजीची पिशवी आणि पहाटे पाचला येणारं पाणी. आवारात उतरायचं तर काकू दिवसभरातली सगळी कामं एका फेरीत बसवायच्या. “यांना वाटतं मी शेजार सोडणार नाही. शेजार आहे कुठे? समोरच्या गेल्या, वरच्या लेकीकडे गेल्या.” त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. घर काकांच्या एकट्याच्या नावावर, त्यामुळे विकायचं की नाही हा प्रश्नही त्यांचाच, असं सगळ्यांनी न बोलता धरून चाललेलं.

घर विकण्याचा मानसिक त्रास आठवणींमुळे होतो असं लिहिण्याची पद्धत आहे. भिंतीवरच्या उंचीच्या खुणा वगैरे. माझा अनुभव जरा वेगळा आहे. माणसं आठवणींना रडतात आणि मग सावरतात. त्यांना खरोखर पोखरतं ते हे की नव्या घरात आपण घरचे असणार की पाहुणे. काकांना हे शब्दांत सांगता येत नव्हतं, म्हणून ते मुद्रांक शुल्कावर भांडत होते.

मी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, विसार घेण्याआधी तीन महिने वाकडला जाऊन राहा, डोंबिवलीच्या घराला कुलूप लावून. दिवाळीला चार दिवस जातात तसं जाऊ नका. औषधं, पेन्शनच्या बँकेची कामं, स्वतःचा डबा-चहा, सगळं घेऊन जा. दुसरी, एका सीएकडे जा. मुलाला घेऊनच जा.

सीएकडे जे झालं ते मला काकांनीच फोनवर सांगितलं. आवाजात बरेच दिवसांनी हुशारी होती.

जुनं घर विकून होतो तो भांडवली नफा. घर २००१च्या आधीचं असल्याने १ एप्रिल २००१ची बाजारभावाची किंमत धरता येते. ती इथे साडेचार लाखांच्या आसपास निघाली. म्हणजे नफा साडेत्रेपन्न लाख. जुलै २०२४ नंतरच्या नियमाने महागाई निर्देशांक न लावता, म्हणजे जुनी किंमत महागाईप्रमाणे न वाढवता, साडेबारा टक्के, किंवा जुन्या घरांना मिळणाऱ्या पर्यायाने निर्देशांक लावून वीस टक्के. दोन्ही करून पाहिलं तर यांच्या बाबतीत साडेबारावालाच स्वस्त, तरी कर पावणेसात लाखांच्या घरात. तो वाचवायचा मार्ग म्हणजे विकणाऱ्याने विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं राहतं घर विकत घेणं. मुद्दा ‘विकणाऱ्याने’ या शब्दात आहे. सीए म्हणाले, “घर सुनेच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर ही सवलत मिळेल असं मी लिहून देणार नाही.”

सव्वा लाखाहून कमी वाचवायला जाऊन जवळजवळ सात लाख घालवण्याची वेळ आली होती. मुलाने तिथल्या तिथे एक्सेल बदललं.

काकांना वाटलं, सुटलो. आता हक्क मागायला नको, सरकारच माझं नाव घालतंय. मला मात्र हे पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. कराच्या आडून नाव लागलं तर ते मुलाच्या लेखी कराचं नाव राहतं. उद्या स्वयंपाकघरात काही बिनसलं की काकांच्या मनात पुन्हा तोच प्रश्न येणार. तुम्ही ते तोंडाने बोला, म्हटलं. एकदाच, आणि मुलगा-सून दोघांसमोर.

तीन महिन्यांत काय झालं? काकूंना अकरावा मजला आणि लिफ्ट यांचा इतका आनंद की त्या रोज तीनदा खाली जाऊ लागल्या. काकांचं उलट. पेपर सकाळी सातला लागतो तो नऊला यायचा. स्टेशनबाहेरचा चहा नाही, ओळखीचा वाचनालयवाला नाही. नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडणं तेवढं आवडलं. शिवाय दुपारी सुनेच्या मीटिंग चालू असताना हॉलमध्ये टीव्ही लावायचा की नाही यावरून तीनदा कुरबुर. अशी कुरबुर सहा जणांच्या घरातही होते. इथे फरक एवढाच की अजून ५८ लाख कुणाच्या खात्यात गेले नव्हते, त्यामुळे सगळे ती कुरबुर मोकळेपणाने करू शकले.

मग चौघांची एक बैठक माझ्यासमोर झाली, मुलगा-सून व्हिडिओवर. काका बोलले. त्यांनी पाठ करून आणलेलं वाक्य विसरलं आणि म्हणाले, “मला तुमच्याकडे राहायला नाही यायचं. आपल्याकडे राहायला यायचंय.” मुलगा खाली बघत राहिला. बोलली ती सून. “बाबा, माझ्या नावावर घ्यायचं हे मला त्या तक्त्यातूनच कळलं. हप्त्यातला अर्धा माझ्या पगारातून जाणार आहे. माझ्या आईबाबांना कधी चार महिने राहायला आणावं लागलं तर चालेल का, हे मला विचारायचं होतं. कुणाला विचारू ते कळेना.”

त्या दिवशी कळलं की त्या घराच्या व्यवहारात चार माणसं होती आणि तिघांना कुणी काही विचारलेलंच नव्हतं. मुलगा वाईट नाही हो. त्याला आकडेमोड येते म्हणून त्याने आकडेमोड केली.

आता पैशाचं. इथे मी समुपदेशकाची पायरी थोडी ओलांडते, पण ओलांडते. सगळे ५८ लाख मुलाच्या घरात घालू नका. मुलाला खरंच किती लागतात ते आधी काढा. ७५ लाखांवरच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे इथे ८ लाख ५ हजार, वर नोंदणीचे ३० हजार. एकूण १ कोटी २३ लाख ३५ हजार. बँक जास्तीत जास्त सव्वाशहाऐंशी लाख देणार. खिशातून किमान ३७ लाख हवेत आणि मुलाचे ९ आहेत. म्हणजे वडिलांकडून २८ लाखांपुढचा प्रत्येक रुपया घर मिळवण्यासाठी नाही, हप्ता कमी करण्यासाठी आहे. तोही हवाच, पण दोन्हींत फरक आहे आणि तो सगळ्यांना दिसायला हवा.

वीस वर्षांच्या मुदतीला, साडेआठ टक्क्यांच्या आसपास, दहा लाखांमागे हप्ता साधारण ८,७०० रुपये. काकांनी ४० घालून १८ मागे ठेवले तर मुलाला महिन्याला साडेपंधरा हजारांहून थोडे जास्तच भरावे लागणार. तो नाराज झाला. त्याचा दुसरा मुद्दाही रास्त होता: नफ्यातले साडेतेरा लाख (साडेत्रेपन्न वजा ४०) नव्या घरात गेले नाहीत, तर त्यावर पावणेदोन लाखांच्या आसपास कर जाईल. “फुकटचे पावणेदोन लाख सरकारला?” तो म्हणाला. मी म्हटलं, फुकटचे नाहीत. कर भरून उरलेल्यातले १६ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर दर तीन महिन्यांना ३२,८०० रुपये व्याज येतं. त्यातून काकू गुडघ्याच्या डॉक्टरकडे कुणालाही न विचारता जातील. उद्या समजा नाहीच जमलं, तर भाड्याचं घर घेण्याइतकी पुंजी हाताशी राहील.

तो तेव्हा गप्प बसला. पटलं म्हणून की वैतागून, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी इतकी अडून बसते त्याला कारण आहे. एका विधवा बाईंनी घर विकून सगळी रक्कम लेकाच्या कर्जखात्यात भरली, नाव नाही, कागद नाही. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा लेकीच्या हॉलमध्ये दिवाणावर झोपत होत्या. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७चा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मागता येते आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पण ती अट होती हे दाखवावं लागतं, आणि पोटच्या पोराविरुद्ध अर्ज लिहायला त्या बाईंचा हात चालेना. त्यांनी लिहिलाच नाही.

डोंबिवलीचा व्यवहार तसा सरळ झाला, म्हणून थोडक्यात. विसाराची रक्कम चेकने, पावतीवर मुदत आणि व्यवहार फिसकटला तर काय हे लिहून. रक्कम ५० लाखांच्या वर असल्याने घेणाऱ्याने १ टक्का, म्हणजे ५८ हजार, टीडीएस कापला. तो आपल्या पॅनवर जमा दिसतोय ना हे काकांनी तपासलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून लाखभर मागितले. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचा प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे काकांनी उपविधीच्या पुस्तकावर बोट ठेवून दाखवलं. तेहेतीस वर्षं त्याच कमिटीत काढलेला माणूस, त्याला कोण फसवणार! चावी मात्र घेणाऱ्याच्या बँक-कर्जाची शेवटची रक्कम खात्यात दिसेपर्यंत दिली नाही. एजंट म्हणत होता, आजच देऊन टाका, चांगली माणसं आहेत. चांगलीच होती. तरी नाही दिली.

वाकडचा करारनामा चौघांच्या नावावर झाला, प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहून. काकूंचं नाव आयुष्यात पहिल्यांदा घराच्या कागदावर आलं. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत अंगठा आणि फोटो घेताना त्या म्हणाल्या, “इथे परत यावं लागतं का?” त्यांना जिन्याची काळजी होती.

काकांची नाशिकची लेक तेवढी विचारायची राहिली होती. “मला काही नको,” असं ती पहिल्यापासून म्हणत होती. काही नको म्हणणाऱ्यांवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. वडील असताना नको असतं, नंतर भावाच्या हॉलमधला सोफा बघितला की आठवतं. घर काकांच्या स्वकमाईचं, त्यामुळे त्यांच्या हयातीत मुलांचा त्यावर हक्क नाही. पण नव्या घरातला त्यांचा हिस्सा त्यांच्या मागे कुणाला, हे लिहिलं नाही तर काकू, मुलगा आणि लेक तिघंही वारस. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. सोसायटीत नॉमिनेशन केलंय, आता मृत्युपत्र कशाला, असं काका विचारत होते. नॉमिनी मालक होत नाही, हे त्यांना सीएने सांगितलं, वकिलाने सांगितलं, मीही सांगितलं.

परवा फोन आला होता. पेपरवाला बदललाय, आता साडेसातला पेपर येतो. सुनेचे आईवडील पाच आठवडे राहून गेले, काका आणि व्याही रोज संध्याकाळी पत्ते खेळायचे. मुलगा हप्त्याचं अधूनमधून ऐकवतो.

“आणि मृत्युपत्र?” मी विचारलं.

“पुढच्या महिन्यात नक्की,” काका म्हणाले. आठ महिने झाले, हे उत्तर मी चौथ्यांदा ऐकतेय.