तिकीट तुमच्या पैशाचं, तर बक्षीसही तुमचंच

ताई, तुमचा प्रश्न वाचला. शिवणकामाच्या पैशातून अमळनेरला लॉटरीचं तिकीट घेतलं, पाच लाख लागले, आणि आता सासरी म्हणतायत, "घर एक शे ना, मंग पैसा बी एकच." तिकीट मोठ्या दिरांच्या नावानं जमा करा, मग तिघा भावांत वाटू, असं त्यांचं म्हणणं. माझं मत स्पष्ट आहे: त्यांचा हक्क बसत नाही. तिकीट हातचं सोडू नका.

मी जळगावात दिवाणी वकिली केली आहे. चूल एक, कपाशी एक, म्हणून प्रत्येकाची कमाईही एकच, हा समज खेड्यापाड्यांत फार घट्ट आहे. कायदा तसा नाही. सुप्रीम कोर्टानं 1954 मध्येच सांगितलंय की कुटुंब एकत्र आहे एवढ्यावरून एखाद्याच्या नावची मिळकत एकत्र कुटुंबाची ठरत नाही. ज्याला तसं म्हणायचंय त्यानं ते सिद्ध करायचं. कुटुंबाकडे अशी सामाईक मिळकत होती की तिच्यातून ही वस्तू घेता आली असती, हे दाखवलं तरच सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर उलटतं. म्हणजे सगळं येऊन थांबतं तिकिटाच्या पैशावर. सासऱ्यांनी कपाशी विकून आलेल्या पैशातून दिलेली नोट असती तर भांडायला जागा होती. तुमचा पैसा ब्लाउजच्या शिलाईचा. गिऱ्हाइकांची मापं आणि रकमा वहीत लिहीत असाल तर ती वही जपा, फोनपेवर शिलाई आली असेल तर स्टेटमेंट काढून ठेवा. शिवाय हिंदू वारसा कायदा, 1956 चं कलम 14 आहेच: हिंदू स्त्रीच्या ताब्यातली स्वतः मिळवलेली मिळकत पूर्णपणे तिचीच. त्यात नवऱ्याचाही हिस्सा नाही, मग दिरांचा कुठून येणार?

आज संध्याकाळीच करायचं काम: तिकिटाच्या मागच्या बाजूला स्वतःचं नाव, पत्ता लिहून सही करा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, झेरॉक्स घ्या. विक्रेत्याचा शिक्का असेल तो फोटोत स्पष्ट दिसू द्या. दावा तुमच्याच आधार, पॅन आणि बँक खात्यावर करा, मुदत जाऊ देऊ नका.

दिरांच्या नावानं जमा केलं तर सरकारदरबारी बक्षीस त्यांचं, कर त्यांच्या पॅनवर. उद्या ते फिरले तर "खरा पैसा माझा" म्हणून कोर्टात जाताना 1988 चा बेनामी कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर ठेवलेल्या मिळकतीवर हक्क सांगू न देणारा कायदा, आडवा येऊ शकतो. माणसं वाईट नसतात हो, पण नावावर रक्कम आली की घरातली बोलणी बदलतात, हे मी खूप पाहिलंय.

कराचंही ऐका. लॉटरीवर सरसकट 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर. तुमचं बाकी उत्पन्न कितीही कमी असो, इथे सूट नाही. पाच लाखांतून दीड लाख आधीच कापले जातील, वरचे सहा हजार विवरणपत्र भरताना. हातात येतील 3 लाख 44 हजार. वाटणीची भाषा करणाऱ्यांना आधी हा आकडा सांगा.

मनानं द्यायचं असेल तर जरूर द्या, पण खात्यातून खात्यात आणि बक्षीसपत्र करून. नवरा, दीर, सासू हे नातेवाईक, त्यांना त्यावर कर लागत नाही. नवऱ्याला दिलेल्या रकमेचं व्याज मात्र तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. मृत्युपत्र न करता बाई गेली, मुलं नाहीत, नवराही नाही, तर तिची स्वकमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नाही. तेव्हा पैसे आले की मृत्युपत्र करा. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, तुम्ही दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या केल्या की पुरे. साक्षीदार मात्र ज्यांना काही मिळणार नाही असेच घ्या.